नदीखालचा सांधा

डोरिक खांब कसा ओळखायचा, हे मला पुण्यात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पायाशी बैठक नाही, अंगावर उभ्या पन्हळी, डोक्यावर साधी चौकोनी पाटी. परीक्षेत तो काढला, मार्क मिळाले, विषय संपला. पुढे लग्न होऊन बहारीनला आले आणि तोच खांब माझ्या पोटापाण्याचा झाला. इथे बंगला बांधणाऱ्या बहुतेकांना दारात खांब हवेच असतात, आणि बंगला बांधायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती हवी असते. प्लॅस्टिकच्या काड्या तासून मी आगपेटीतल्या काडीएवढे किती डोरिक खांब उभे केले, देव जाणे. पण हे नाव ज्या लोकांवरून पडलं, त्यांचं मूळ ठिकाण म्हणून सांगतात तो डोंगरांच्या मधे दडलेला, डोरिस नावाचा एवढासा मुलूख खरोखर होता, हे मला निवृत्तीची भाषा सुरू झाल्यावर कळलं. तेही मीना सलमान बंदरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जहाजावरच्या माणसाकडून.

तर मी मॉडेल बनवत असे. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात हे वाक्य बोलले की नव्यानं आलेल्या मुली आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि मग विषय बदलतात. म्हणून जरा सविस्तर सांगते. टॉवर उभा राहायच्या आधी त्यातले फ्लॅट विकायचे असतात. गिऱ्हाइकाला नकाशा वाचता येत नाही, पण खेळण्यातलं घर लहानपणापासून वाचता येतं. आम्ही ती इमारत टेबलावर मावेल एवढी करतो. प्लॅस्टिकच्या भिंती, आत छोटे दिवे, स्पंज रंगवून केलेली झाडं आणि शेवटी समुद्र. समुद्र रेझिनचा असतो. तो पातळ मधासारखा ओततात आणि मग हळूहळू काचेसारखा घट्ट होतो. तो सुकेपर्यंत शेडमध्ये पंखा लावायचा नाही, जोरात शिंकायचंही नाही, नाहीतर समुद्राला सुरकुती पडते. माझ्या नोकरीतले कितीतरी दिवस समुद्र सुकायची वाट बघण्यात गेले, आणि ते काही वाईट गेले नाहीत.

शेडमध्ये मराठी आम्ही दोघंच. दुसरे दाऊदचाचा, राजापूरकडचे, सुतारकामाचे मुख्य. टेबल, तळ आणि जमिनीचे थर त्यांच्या हातचे, झाडं, रंग आणि पाणी माझं. मला ते 'बाय' म्हणायचे आणि माझ्या प्रत्येक नव्या कल्पनेला आधी 'नाय' म्हणायचे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पहिला नकार हिशेबात धरूनच बोलावं लागे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर मंडळाचा हा अंक पुरणार नाही. एका बिल्डरला आमचा समुद्र पुरेसा निळा वाटेना. मी त्याला शेडच्या दारात नेऊन खरा समुद्र दाखवला, तर तो म्हणाला, तोही चुकीचाच आहे. एक नवरा-बायको आपल्या होणाऱ्या घराच्या नखाएवढ्या स्वयंपाकघरावरून माझ्यासमोर असे भांडले, की मी छप्पर परत बसवलं तेव्हा कुठे शांतता झाली. आणि एवढं करून, फ्लॅट विकले गेले की मॉडेल जातं कचऱ्यात. माझ्या हातची अख्खी शहरं अशी गेली. पहिली काही वर्षं मला रडू यायचं, मग सवय झाली, पण चांगली सवय झाली असं मी म्हणणार नाही.

पुढचं कळायला आमच्या कामातल्या दोन रीती ठाऊक हव्यात. एक म्हणजे, प्रत्येक मॉडेलला दर्शनी बाजू असते. मोठा पाहुणा जिथे उभा राहणार ती पुढची, तिथे सगळं बुटकं ठेवायचं. उंच असेल ते मागे, भिंतीकडे. देवघरात मूर्ती मांडतात तसं. दुसरी रीत सांध्याची. मोठं मॉडेल दारातून जात नाही, म्हणून ते दोन तुकड्यांत करतात आणि जागेवर नेऊन खालून बोल्टनं जोडतात. हा सांधा दिसता कामा नये. तो रस्त्याखालून नाहीतर नदीखालून न्यायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा. आमची सगळी इज्जत त्या एका रेघेत असते. सांधा दिसला की मॉडेल मेलं, असं दाऊदचाचा म्हणायचे.

आणि एक माझी स्वतःची खोड. काम संपत आलं की मी टेबलावर हनुवटी टेकवून बघायची. वरून मॉडेल खेळणं दिसतं. डोळा जमिनीला लागला की ते एकदम मोठं होतं, रस्ता लांब जातो, झाडांच्या खाली सावली पडते, आणि आपण तिथे जाऊन उभे राहतो. दुपारी शेडच्या छतातल्या फटीतून ऊन येई तेव्हा मी अशी कुठे कुठे जाऊन आले आहे.

एका हिवाळ्यात सकाळी बू जासिम आले. बू जासिम म्हणजे जासिमचे वडील, इथे वडीलधाऱ्यांना असंच मुलाच्या नावानं हाक मारतात. कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब, हातात गुंडाळलेला नकाशा, चालणं ताठ. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांना वाट दाखवून धक्क्याला लावणारे पायलट म्हणून त्यांनी नोकरी केलेली. हिंदुस्थानी खलाशांबरोबर आयुष्य गेल्यामुळे हिंदी त्यांची स्वतःची, खास.

"तुम पहाड़ बनाता?" त्यांनी विचारलं.

मी हिंदीतच म्हटलं, "बनाती हूँ, लेकिन इधर कोई मांगता नहीं."

"मैं मांगता."

मी भोरची. डोंगरात वाढले आणि या सपाट बेटावर आयुष्य काढलं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी तर मला नजर कुठे ठेवावी तेच कळत नसे, कुठेही ठेवली तरी ती घसरत जायची. त्यामुळे 'पहाड़' शब्द ऐकल्यावर मी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, कुठला.

त्यांनी नकाशा उलगडला. उत्तरेला एक डोंगररांग, दक्षिणेला पार्नासस हा मोठा डोंगर, मधे चिंचोळं खोरं, खोऱ्यातून एक लहान नदी. खोऱ्यात चार गावं, एरिनिऑस, बॉयॉन, किटिनिऑन, पिंडॉस. जुन्या काळी यालाच डोरिस म्हणत. ग्रीसच्या सगळ्यांत लहान मुलुखांपैकी एक.

"एवढंसं?" मी म्हटलं.

"एवढंसं. लेकिन स्पार्टावाला बोलता था, ये हमारा मां का घर है. इस पे कोई आया, तो वो दौड़ के जाता था."

माहेर, मी मनात म्हटलं.

त्यांच्या बायकोचं माहेरही तिथलंच. तरुणपणी बू जासिम जहाजाचं शिक्षण घ्यायला ग्रीसच्या बंदरात होते, तेव्हा मावशीकडे राहणारी एलेनी त्यांना भेटली. ते तिच्या गावी गेले, बापाकडे रीतसर मागणी घातली आणि तिला इथे घेऊन आले. एलेनीची उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई झाली. "ग्रीक लोग पुराना टाइम इधर आया, बहारीन को टायलॉस नाम दिया. मैं उधर गया, एक लड़की लाया. हिसाब बराबर," असं ते म्हणाले, पण हसले नाहीत. आता तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता. आठवड्यातून बरेचदा सलमानिया इस्पितळात डायलिसिस, पायांत बळ नाही, खुर्ची चाकांची. तिला एकदा आपलं खोरं बघायचं होतं. विमानाला डॉक्टर नाही म्हणत होते.

"वो नहीं जा सकती, तो पहाड़ इधर आयेगा," ते म्हणाले. "लेकिन आज का गांव नहीं. पुराना बनाओ. वो ऐसा ही बोलती."

मी नकाशा गुंडाळून द्यायला लागले तेव्हा ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "शुफ, देखो, माधवी. सारा उमर मेरे घर में रही. खाना बनाया, बच्चा बड़ा किया. मेरे को अभी भी मालूम नहीं, वो इधर रहती थी कि उधर."

मी नकाशाला रबर लावला. पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्याबरोबर राहिलं. मीही नवऱ्यामागून इथे आलेली, आणि माझ्या नवऱ्यानं मला हे कधी विचारलं नव्हतं.

काम सुरू झालं. दाऊदचाचांनी फोमच्या पत्र्यांचे थर कापले, उंची वाढते तसा वरचा थर लहान, आणि एकावर एक चिकटवून डोंगर उभे केले. त्यावर मी प्लास्टरची साय चढवली. सांधा अर्थातच नदीखालून नेला. पार्नासस एका तुकड्यात, उत्तरेची रांग दुसऱ्या तुकड्यात, मधे नदीची निळी रेघ. इतका सुंदर सांधा आम्ही आधी केला नव्हता. बोटानं चाचपूनही लागत नसे.

चार गावं मात्र आम्हाला मनानं करावी लागली. पुस्तकांत दगडी तट, उतारावरची घरं, यापलीकडे फारसं काही नव्हतं. उत्साहाच्या भरात मी एका गावाबाहेर सहा खांबांचं देऊळ ठेवलं. डोरिसमध्ये डोरिक खांब नाहीत तर मग कुठे? बू जासिम आठवड्याला एकदा पाहणी करायला यायचे. त्यांनी देऊळ दोन बोटांनी उचललं आणि माझ्या हातात ठेवलं.

"ये खलास करो. वो बोलती, उधर दीवार था, बकरी था. खंबा उसने कभी देखा नहीं."

माझ्या शिक्षणाला तो मोठाच धक्का होता. एरिनिऑस म्हणजे रानअंजिराचं गाव, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकून दाऊदचाचा शेडच्या मागच्या कुंपणापाशी गेले, एका वाळक्या झुडपाच्या बारीक फांद्या घेऊन आले आणि म्हणाले, "ही घ्या बाय, रानअंजिरं. आमच्याकडं परसवात असतात, मना म्हायती हायत. फांदी अशीच वाकडी."

त्या दिवसांत मी दुपारचं जेवून टेबलाला हनुवटी लावून बसायची. रंग अजून चढला नव्हता, सगळं खोरं पांढरं होतं, छतातलं ऊन उतारावरून हळूहळू सरकत पार्नाससवर चढायचं. बाहेर बंदरात क्रेन वाजायची, ती मला गुरांच्या गळ्यातल्या घंटांसारखी ऐकू यायची. कधी डोळा लागायचा. झोपेत मी त्या नदीकाठानं चालत असायची, पायाला गार चिखल लागायचा, आणि वळणावर भोरचं आमचं घर यायचं, पण आतली माणसं भलतीच भाषा बोलत असायची आणि मला ती सगळी कळायची. जागी झाले की गालाला प्लास्टरची पांढरी पूड लागलेली असायची. दाऊदचाचा फडकं पुढे करायचे.

मॉडेल तयार झालं तशी रीतीप्रमाणे मांडलं. पार्नासस मागे भिंतीकडे, बुटक्या उत्तरेच्या टेकड्या पुढे, दर्शनी बाजू मोकळी. बू जासिम बायकोला घेऊन आले. उम्म जासिम लहानखुऱ्या होत्या, डोक्यावरून काळी ओढणी, खाली तपकिरी, फार लक्षपूर्वक बघणारे डोळे. त्या अरबी मिसळलेलं इंग्रजी बोलायच्या, मी इथे मराठीत लिहिते आहे. खुर्ची टेबलासमोर आली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पण हे माझं नाही."

बू जासिमांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी नकाशा काढला, बोट ठेवून नदी दाखवली, गावं दाखवली, सगळं जागच्या जागी असल्याचं सांगितलं. त्या मान डोलवत राहिल्या.

"हो, बरोबर असेल. पण हा मोठा डोंगर मी असा कधी बघितलाच नाही."

"कसं शक्य आहे?" मी विचारलं. "तुमचं गाव त्याच्या पायथ्याशी ना?"

"म्हणूनच, हबीबती. तो माझ्या पाठीशी असायचा. आमच्या घराची मागची भिंत त्यालाच टेकलेली. आम्ही दारात बसून समोर बघायचो. डोंगर बघायला बाहेरचे लोक येतात."

मी आयुष्यभर पाहुण्यांसाठी मॉडेलं केली होती. पाहुणा उभा राहतो तिथून सगळं मांडायचं, हे हाताला इतकं बसलं होतं की घरचं माणूस कुठे बसतं, हा प्रश्नच मला पडला नाही. टेबल फिरवून चालणार नव्हतं. त्यांना डोंगराच्या बाजूनं आणलं असतं तर चाकांच्या खुर्चीतून फक्त डोंगराची पाठ दिसली असती.

मी दाऊदचाचांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"नाय," ते म्हणाले.

"चाचा, बोल्ट काढा."

"बाय, रंग फाटंल. सगळी नदी उसवंल. एवडा सांधा केलाव तो काय उघडायला?"

"उघडायलाच केला असेल," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

ते टेबलाखाली गेले. पान्याचा आवाज आला, मग काही वेळ आला नाही, मग पुन्हा आला. आम्ही दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. नदीवरचा रंग बारीक चरचर करत फाटला, कडेला पांढरा फोम उघडा पडला, आणि डोरिसचे दोन भाग झाले. मधे शेडची सिमेंटची जमीन, चाकांची खुर्ची मावेल एवढी.

"यल्ला, चलो," मी बू जासिमांना म्हटलं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि जहाज धक्क्याला लावावं तशी हळूहळू, मागे मागे नेत, उम्म जासिमांचे खांदे पार्नाससला टेकेपर्यंत आत नेली.

समोर उत्तरेची रांग त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आली होती. मग मागे न बघता त्यांनी एक हात खांद्यावरून पाठीमागे नेला, उतारावर चाचपडला आणि एका खळग्यात बोट ठेवलं.

"इथे आमच्या बकऱ्या पाणी प्यायच्या," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

बू जासिम बाजूला उभे होते. बायकोला आनंद झाला म्हणून त्यांना आनंद झाला होता, पण त्या क्षणी ती त्यांच्यापासून फार लांब गेली होती हेही त्यांना दिसत होतं. ते शेडबाहेर जाऊन उभे राहिले.

निघताना मी उम्म जासिमांना विचारलं, की आजचं गाव सोडून जुनंच का मागितलं. त्या म्हणाल्या, "आमचं घर आता नाही. तिथून मोठा रस्ता गेला आहे. तू आजचं केलं असतंस तर मी बसून काय काय बदललं तेच मोजलं असतं. जे कुणीच पाहिलेलं नाही, ते बदललं असं कुणी म्हणू शकत नाही."

मॉडेल त्यांच्या माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये गेलं. दिवाणखान्यातलं बाकी सामान हलवलं. बू जासिमांनी होकायंत्र आणून मॉडेलची उत्तर खऱ्या उत्तरेला लावायला सांगितली. "एक डिग्री इधर-उधर, जहाज खलास," असं म्हणत त्यांनी दाऊदचाचांना तीनतीनदा टेबल सरकवायला लावलं. उत्तरेच्या तुकड्यापलीकडे खिडकी होती आणि खिडकीशी त्यांची स्वतःची जुनी खुर्ची. संध्याकाळी ते तिथे बसून चहा घेत आणि रेडिओ ऐकत. ती खुर्ची काही त्यांनी हलवू दिली नाही.

दोन्ही तुकड्यांमधली फट तशीच ठेवली. माझ्या जिवाला ते लागत होतं. फाटलेली नदी, उघडा फोम. दाऊदचाचा तर त्या बाजूला बघतच नव्हते.

काही दिवसांनी उम्म जासिमांनी मला फोन करून बोलावलं. म्हणाल्या, सुरी घेऊन ये. त्या आपल्या जागी बसल्या होत्या, पाठीशी डोंगर. समोरच्या रांगेत एक खिंड होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"ही खिंड अजून खोल कर."

मी नकाशा उघडला. खिंड नकाशाप्रमाणे होती. तसं सांगितलं.

"समुद्राकडे जायची वाट त्या खिंडीतून आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही पोरी दारात बसून तिकडेच बघायचो. कोण येतं, कोण जातं. ती एवढी उथळ नव्हती."

खिडकीतल्या खुर्चीतून बू जासिम म्हणाले, "नक्शे में ऐसा नहीं है."

"तू समुद्रावरचा माणूस," त्या त्यांना म्हणाल्या. "डोंगराचं मला कळतं."

मी सुरीनं थोडं तासलं. "अजून," त्या म्हणाल्या. अजून तासलं. "थोडं डावीकडे." फोमची पांढरी पूड बू जासिमांच्या पायांशी पडत होती. शेवटी त्या "खलास" म्हणाल्या आणि मागे टेकल्या. आठवणीत डोंगर उंच होतात आणि दऱ्या खोल, हे मला माझ्याच अनुभवानं माहीत होतं, म्हणून मी वाद घातला नाही. रंगाचा हात फिरवला, चहा घेतला, परत आले.

उम्म जासिम त्या उन्हाळ्यात गेल्या. तोवर डायलिसिस नसेल त्या प्रत्येक दिवशी त्या त्या फटीत बसत असत, असं जासिमनं मला सांगितलं. मी भेटून आले. बायकांच्या बैठकीत, डोकं झाकून, न कळणाऱ्या प्रार्थना ऐकत बसले. मॉडेलवर पांढरी चादर टाकलेली होती.

थंडी सुरू झाली तसा बू जासिमांचा फोन आला. "आके बंद करो. वो बीच का जगह मेरे से देखा नहीं जाता."

मी आणि दाऊदचाचा गेलो. मी रंग घेतले होते, त्यांनी बोल्ट. खरं सांगते, मनातून मला बरंच वाटलं होतं. नदी पुन्हा एकसंध होणार होती, माझा सांधा पुन्हा दिसेनासा होणार होता. आम्ही चादर काढली, धूळ झटकली. पार्नाससच्या उतारावर, उम्म जासिमांचं डोकं टेकायचं तिथे, एक गोल खोलगट जागा झाली होती. ती मी बुजवायला घेतली नाही. दाऊदचाचांनी उत्तरेच्या तुकड्याला हात घातला आणि टेबल सरकवायला सुरुवात केली.

"ठहरो," बू जासिम म्हणाले.

ते आतून एक बुटकं स्टूल घेऊन आले. फटीत ठेवलं. थोब सावरून बसले, पार्नाससला पाठ लावून, उत्तरेकडे तोंड करून. इतक्या महिन्यांत ते तिथे कधी बसलेच नव्हते. ती जागा आपली नाही असं त्यांना वाटत असावं.

ते बघत राहिले. दाऊदचाचा टेबलाला हात लावून तसेच थांबले. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी हॉर्न देत गेली.

बऱ्याच वेळानं ते उठले. "माधवी, इधर बैठो. उसका जैसा बैठो."

मी बसले. डोळा खोऱ्याच्या पातळीला आला आणि नेहमीसारखं ते मोठं झालं. चारही गावं दूर गेली. समोरच्या रांगेनं दिवाणखाना झाकून टाकला. टीव्ही दिसेना, औषधांचं कपाट दिसेना, दार दिसेना, आजारपणाचं काही म्हणजे काही दिसेना. नुसते डोंगर. आणि मी तासून खोल केलेल्या खिंडीतून, अगदी मधोमध, खिडकीशी ठेवलेली ती जुनी खुर्ची दिसत होती. दुसरं काहीच दिसत नव्हतं.

थोडं डावीकडे, असं त्या म्हणाल्या होत्या.

"मैं उसी रास्ते से आया था," बू जासिम म्हणाले. "उस का बाप को पूछने. नीचे से पैदल. वो दरवाजे में बैठी थी."

ते वळले, टेबलाला वळसा घालून गेले आणि खिडकीशी आपल्या खुर्चीत बसले, रोज चहाला बसायचे तसे, एक हात खुर्चीच्या हातावर ठेवून. डोंगरांच्या पलीकडून त्यांचा आवाज आला.

"दिखता मैं?"

"दिसताय," मी मराठीतच म्हटलं. "पूर्ण दिसताय."

दाऊदचाचांनी टेबलावरचा हात काढला, बोल्ट खिशात टाकले आणि रंगाचे डबे उचलून दाराकडे निघाले.